वहीतल्या तेरेसा

ही गोष्ट सांगायचं मी आजवर टाळलं. झरी तालुक्यातल्या नोकरीच्या दिवसांबद्दल कुणी विचारलं की मी अस्वलाच्या, पुरात वाहून गेलेल्या शाळेच्या पत्र्यांच्या, कोलाम आदिवासींच्या ढोलांच्या गोष्टी सांगतो. सिस्टरचं नाव निघेलसं वाटलं की उठून पाणी प्यायला जातो.

मी निवृत्त झालो तेव्हा शिक्षकमंडळींनी सत्कार केला. एका सहकाऱ्याने भाषणात सांगितलं, "आपले मास्तर तिकडं जंगलात असताना एका मिशनरी बाईनं गाव बाटवायचा घाट घातला होता. मास्तरांनी एक अर्ज लिहिला, आणि बाईला पंधरा दिवसांत गाव सोडावं लागलं." टाळ्या पडल्या. गळ्यात हार घालून मी बसून राहिलो. गाव बाटवायचा घाट कुणी घातलाच नव्हता, हे मला तोवर कळून चुकलं होतं. अर्ज तेवढा खरा होता. तो माझ्याच अक्षरात होता.

आता सत्तरी उलटली. जे आहे ते लिहून ठेवतो.

सिस्टर तेरेसा मूळच्या केरळच्या. आमच्या गावात दवाखाना चालवायला आल्या तेव्हा पन्नाशीच्या पुढे असतील. बुटक्या, सावळ्या, चालायला भारी चपळ. राखाडी साडी, पायात पुरुषांच्या रबरी चपला आणि हातात पुरुषांचीच काळी छत्री. ही छत्री बाराही महिने बरोबर असे. कुत्री हाकायला छत्री, नाल्याचं पाणी किती आहे ते बघायला छत्री, आणि पारावर बसलेल्या म्हाताऱ्याच्या पाठीला हळूच टोचून "गोळी खाल्ला का?" विचारायलाही छत्रीच. त्यांच्या मराठीत बाईमाणसांची आणि बाप्यांची रूपं एकमेकांच्या घरी नांदत. "माझा खोली", "तुझी नवरा" असं त्या बिनदिक्कत बोलत आणि कुणी हसलं की स्वतःही हसत. पण "काहून" हा आमच्याकडचा 'का'साठीचा शब्द त्यांनी पहिल्याच महिन्यात उचलला होता. कुणी दवाखान्यात यायचं चुकवलं की घरापुढे उभं राहून ओरडत, "काहून नाही आला?"

ग्रामपंचायतीने त्यांना जुन्या गोदामाची खोली दिली होती. खोली ताब्यात घेतल्यावर सिस्टरने पहिलं काम केलं ते मागची भिंत फोडून दुसरं दार बसवण्याचं. सरपंच नारायणराव बघायला आले.

"सिस्टर, दवाखाना हाये का टॉकीज? एका दारानं या, दुसऱ्या दारानं जा?"

"हो ना सरपंच," सिस्टर म्हणाल्या. "फक्त तिकीट नाही."

सगळे हसले, पण ते मागचं दार गावाच्या मनात राहिलं. ते नाल्याच्या बाजूला उघडत होतं. तिकडून बाहेर पडलेलं माणूस पळसाच्या झुडपांआडून थेट आपल्या घरी जाई, समोरच्या ओट्यावर बसलेल्यांना दिसत नसे. किराणा दुकानवाला दादाराव मला म्हणाला, "मास्तर, पुढच्या दारानं बिमार जाते हे तं दिसते. मागच्या दारानं काय होऊन निघते, ते कोनं पाह्यलं?"

मी हसण्यावारी नेलं. पण त्या दिवसापासून शाळेच्या खिडकीतून माझी नजर त्या दाराकडे जाऊ लागली.

त्यांची आणखी एक सवय होती. ओसरीवर बसलेल्या रोग्याला त्या कधी नावाने हाक मारत नसत. दारात येऊन छत्रीने खूण करत, "तू, ये." सरकारी दवाखान्यात शिपाई नाव पुकारतो, गावभर ऐकू जातं, तसं इथे नव्हतं. आम्हाला वाटे, बाईला नावं लक्षात राहत नाहीत. मलाही तसंच वाटे, कारण नावांवरूनच आमची ओळख झाली होती.

त्या एकदा मधल्या सुट्टीत शाळेत आल्या. घामाघूम. म्हणाल्या, "मास्टरजी, त्या पोडावर सहा भीमाबाई आहे. सहा! कसं करायचं?"

पोड म्हणजे कोलामांची वस्ती. आमच्या गावापासून कोसभर. मी म्हणालो, "नवऱ्याचं नाव लावा."

"त्यात तिघींची नवरा रामा आहे."

मी हसलो. त्याही हसल्या, आणि चहाचा कप बाजूला ठेवून म्हणाल्या, "आमच्यात पण असंच आहे. कोणी म्हणलं, तेरेसाला प्रार्थना कर. तर कोणता तेरेसा?"

मग त्यांनी मला दवाखान्यात नेऊन भिंतीवरच्या चार तसबिरी दाखवल्या. पहिली स्पेनमधल्या आविला गावची. हातात लेखणी, समोर पुस्तक. ही मोठी तेरेसा, हिने कितीतरी मठ उभारले. दुसरी फ्रान्समधल्या लिझ्यूची, हातात गुलाबाची फुलं. ही छोटी तेरेसा. पंधराव्या वर्षी मठात गेली आणि चोविसाव्या वर्षी क्षयाने वारली. तिसरी जन्माने ज्यू, मोठी विदुषी. पुढे ख्रिस्ती झाली, संन्यास घेतला आणि तेरेसा हे नाव घेतलं. तिला नाझींच्या छळछावणीत मारलं. तिला क्रुसाची तेरेसा म्हणतात. चौथी निळ्या काठाच्या साडीतली, आपल्या सगळ्यांच्या ओळखीची, कोलकात्याची.

"ही अजून पूर्ण संत नाही झाली," सिस्टर तिच्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "पण होईल. मी आधीच लावून ठेवला."

"आणि तुम्ही यातल्या कोणत्या?"

"मी? मी गोदामाची तेरेसा."

नाव एकच असलं की गावावरून, खुणेवरून माणूस ओळखायचं, ही त्यांची रीत त्यांनी मला स्वतःच्या तोंडाने सांगितली होती. हे मुद्दाम लिहितो आहे. मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

या चौघींचे चार सण होते. श्रावणाच्या सुमाराला एक, मग शिक्षकदिनाच्याच दिवशी कोलकात्याचा, आणि ऑक्टोबरात पंधरा दिवसांच्या अंतराने दोन. प्रत्येक वेळी सिस्टर गूळ-शेंगदाणे वाटत. पोरं विचारत, "सिस्टर, तुमचा वाढदिवस वर्सातून किती डाव येते?" आणि दादाराव मला विचारी, "मास्तर, हा गूळ फुकटचा हाये का?"

त्यांचा एक ठराविक बोल होता, "आधी गोळी, मग गोष्ट." गोळी समोर गिळायला लावत, तोंड उघडून दाखवायला लावत, आणि मग या चौघींपैकी एकीची गोष्ट सांगत. ज्याचा खोकला हटत नसे त्याला छोट्या तेरेसाची. "तिलाही खोकला होता. तिच्या वेळी गोळी नव्हती. तुझ्या वेळी आहे, तर खा." त्या गोष्टी बायकांबरोबर हापशीवर पोचत. मी स्वतः ऐकलंय. पोडावरची एक म्हातारी घागर भरता भरता दुसरीला सांगत होती, "ते मोठी तेरेसी लहानपनी भावाले घेऊन घरून पयाली व्हती माय. देवासाठी मराले! मंग काकानं धरून आनलं."

"मंग मारलं का घरच्याईनं?"

"सिस्टरनं ते नाई सांगतलं. मारलं असनच."

दोघी खदखदून हसल्या. मी मात्र हसलो नाही. घरी येऊन विचार करत बसलो. आज गोष्ट आहे, उद्या काय असेल?

एक सांगायला हवं. आमचं घर बौद्ध. माझ्या वडिलांनी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. आमच्या मूळ गावाहून, नेरहून, बाजूच्या गावातल्या चौघांबरोबर गेले होते. परत आले तेव्हा घरातले देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले. ही गोष्ट मी लहानपणापासून शंभर वेळा ऐकली आणि हजार वेळा अभिमानाने सांगितली. सिस्टर एकदा आमच्या घरी चहाला आल्या तेव्हा त्यांनाही सांगितली. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि शेजारी वडिलांचा फोटो होता. सिस्टर फोटोसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

"त्यांना भीती नाही वाटली?"

"कुणाची?"

"गावाची. गाव विचारतो ना, काहून बदलला?"

"वडील कुणाच्या बापाला भीत नव्हते," मी म्हणालो.

"छान," त्या म्हणाल्या. "भीती नसलेला माणूस मला आवडते. मला फार भीती वाटते."

कसली भीती, ते मी विचारलं नाही. मला वाटलं, बाई चाचपून बघते आहे. या घराण्याने एकदा धर्म बदलला, म्हणजे पुन्हा बदलेल, असा हिशेब करत असेल. ज्या माणसाचा बाप धर्म बदलून ताठ मानेने जगला, त्याच माणसाला दुसऱ्या कुणी बदलण्याची एवढी धास्ती का वाटावी, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

धास्तीचं मूळ घरातच होतं. माझी धाकटी बहीण कांता तेव्हा माझ्याकडे राहत होती. तिचा नवरा वणीकडे कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. वर्षभर तापाने झिजून गेला. सासरच्यांनी दिवस होताच तिला आणून सोडलं. चाळिशीची बाई, मूलबाळ नाही. मी तिला शिलाई मशीन घेऊन दिली. पोलकी, शाळेचे गणवेश, पडदे, सगळं शिवायची. सिस्टर गावात आल्यावर ती आठवड्यातून दोनदा दवाखान्यात जाऊ लागली. म्हणायची, सिस्टर भरतकाम शिकवतात. महिन्यातून एकदा दोघी सकाळच्या एस.टी.ने यवतमाळला जात आणि संध्याकाळी परत येत. कांता म्हणे, कापड आणायला.

कापड फारसं येत नसे.

"एवढ्या दूर जाऊन हे एवढंच आनलं?" मी एकदा विचारलं.

"भाव पाहून राह्यली दादा. महाग झालं."

"दर महिन्याले भाव पाहातं?"

"तू कायले चौकशी करतं? मास्तरकी शाळेत कर."

ती हसून बोलली, पण मशीनच्या लाकडी खणाला तिने कुलूप घातलं होतं, ते मी पाहिलं. आमच्या घरात तोवर कशालाच कुलूप नव्हतं. संध्याकाळी ठरावीक वेळेला ती मशीनपाशी जाई, पाठ करून उभी राही, पाणी पिई. मला वाटलं, प्रार्थना करते. एका शब्दाने विचारलं असतं तर कदाचित तिने सांगितलंही असतं. पण मी विचारत नव्हतो, पाळत ठेवत होतो.

एका दुपारी डोकं धरलं म्हणून मी दवाखान्यात गेलो. सिस्टर पोडावर एका बाळंतिणीकडे गेल्या होत्या. खोली उघडीच. चार तेरेसा भिंतीवरून बघत होत्या. मी बाकावर बसलो. टेबलाचा खण अर्धा उघडा होता आणि त्यात एक शाळकरी वही होती.

मी ती उघडली. पहिल्या पानावर वर एक छोटा क्रूस काढलेला. खाली मोडक्या देवनागरीत नावं. चिंचेखालची तेरेसा. जुळ्यांची तेरेसा. नाल्यापलीकडची तेरेसा. विड्यांची तेरेसा. अशी अकरा. प्रत्येक नावापुढे तारखा आणि बरोबरच्या खुणा. सातव्या ओळीवर माझी नजर थांबली. शिवणाची तेरेसा.

गावात शिवणकाम करणारी बाई एकच होती.

सिस्टरने माझ्या बहिणीला तेरेसा केलं आहे आणि माझ्या घरात मला पत्ता नाही, एवढंच मला दिसलं. ज्या नाव ठेवण्याच्या रीतीवर मी हसलो होतो, ती रीत त्या पानावर डोळ्यांसमोर होती. पण संशय आलेल्या माणसाला पुरावा हवा असतो, अर्थ नको असतो. मी वही शर्टाखाली घातली आणि मागच्या दाराने बाहेर पडलो. चोरली म्हणा. मी शाळेत पोरांना पेन्सिल चोरल्याबद्दल ओणवं उभं करत असे.

त्याच दिवशी मी अर्ज लिहिला. गावातले सगळे अर्ज मीच लिहीत असे; विहिरीचा, घरकुलाचा, रस्त्याचा. माझं अक्षर चांगलं आणि भाषा वजनदार. "गावातील भोळ्या, अशिक्षित महिलांना औषधाच्या आमिषाने" अशी सुरुवात केली. नारायणरावांनी सही केली, दादारावने अंगठेबहाद्दर गोळा केले. आठ दिवसांनी ग्रामसभा बोलावली.

सभा सकाळी शाळेच्या पटांगणात भरली. पुरुष पुढे, बायका बाजूला निंबाखाली. कांताही होती. सिस्टर आल्या, छत्री मिटून मांडीवर आडवी ठेवली आणि खुर्चीत बसल्या. मी वही बाहेर काढली तेव्हा त्यांचा चेहरा पहिल्यांदा बदलला.

"हे माझा वही आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे कसं आला?"

"ते महत्त्वाचं नाही. ही वही तुमची, हे तुम्ही कबूल करता?"

"हो."

मी मोठ्याने वाचली. वर्गात धडा वाचतो तशी; शिवणाची ओळ तेवढी गाळली. चिंचेखालची तेरेसा, जुळ्यांची तेरेसा. लोकांत कुजबुज वाढत गेली. "जुळ्याची म्हंजे कोन रे?" कुणीतरी म्हणालं, आणि दुसऱ्याने कुणाचं तरी नाव घेतलं. निंबाखाली एका बाईने पदर तोंडावर ओढला. मला ते अपराधाचं लक्षण वाटलं.

"या अकरा बाया कोण आहेत?" मी विचारलं. "गावात एकही ख्रिस्ती घर नाही. मग या तेरेसा आल्या कुठून? नावं सांगा."

"ते मी सांगणार नाही, मास्टरजी."

"बाटवल्या नाहीत ना? मग सांगायला काय हरकत आहे?"

"बाटवल्या नाही. आणि सांगणार पण नाही."

नारायणराव समजुतीने म्हणाले, "सिस्टर, एक नाव सांगा. एकच. ती बाई इथं उभी राहून बोलन का मले कोनी बाटवलं नाई. मिटला विषय. आमाले तुमच्याशी भांडाचं नाई."

तो सुटकेचा रस्ता होता, हे मला आज कळतं. एक नाव. सिस्टरने निंबाकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

"एक पण नाही."

"वही ठाण्यात देऊ," दादाराव ओरडला. "ते तपासतीन!"

यावर सिस्टर हसल्या. खरंच हसल्या. "मोठ्या तेरेसाचा वही पण असाच नेला होता तपासायला. तिच्यावर पण संशय होता. जिवंत होती तोपर्यंत तिला परत नाही मिळाला." मग उठल्या, सरळ माझ्यापाशी आल्या आणि हात पुढे केला. "माझा द्या. मग मला घालवायचं तर घालवा."

त्या हातात काय होतं कोण जाणे, मी वही दिली. तासाभरात दवाखान्याच्या मागे धूर दिसला. सिस्टरने वही चुलीत घातली होती. "पाह्यलं?" दादाराव म्हणाला. "पुरावा जाळला." मीही तेच म्हणालो.

पंचायतीने खोली काढून घेतली. त्यांच्या वरिष्ठांनी बदली केली. पंधरा दिवसांनी सिस्टर दुपारच्या एस.टी.त बसून गेल्या. कांता दोन दिवस जेवली नाही. ती चिडली आहे म्हणजे किती मुरलं होतं बघा, असं मी मनाशी म्हणालो.

पुढच्या पावसाळ्यात कांता आजारी पडली. ताप, तोंडात फोड, वजन निम्मं. मी तिला यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरने तिला विचारलं, "गोळ्या कधीपासून बंद केल्या?" तिने माझ्याकडे बघितलं. डॉक्टरने मला बाहेर बसायला सांगितलं. कांता म्हणाली, "राहू द्या साहेब. आता राहू द्या त्याले."

तिला नवऱ्याकडून एच.आय.व्ही. झाला होता. सिस्टरने तपासायला लावलं, सिस्टरच दर महिन्याला तिला गोळ्यांसाठी घेऊन येत होत्या. वहीतल्या खुणा गोळ्यांच्या होत्या. वहीत खरी नावं नव्हती, कारण ती वही कुणाच्या हाती पडली तर त्या बायांना गावात पाणी भरू दिलं नसतं. मागचं दार त्यासाठी होतं. एकमेकींनाही एकमेकी माहीत नव्हत्या.

"मंग तू सभेत काहून नाही बोलली?" मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून तिला विचारलं.

"उठाले गेलती मी. पार अर्धी उठलीच व्हती. सिस्टरनं पाह्यलं नाई माह्याकडं, पन हात असा केला." तिने मांडीवर पंजा दाबून दाखवला. "बस म्हून."

"आन् मंग गोळ्या काहून सोडल्या?"

"एकटी गेली असती तं तू इचारलं असतं का नाई, कुठं चालली म्हून?"

विचारलंच असतं.

कांता वाचली. आज साठीच्या घरात आहे, नेरला माझ्याजवळ राहते, रोज गोळी घेते, अजून पोलकी शिवते. मी लिहायला बसलो तेव्हा तिचं नाव बदलणार होतो. ती म्हणाली, "माहं नाव लिहिजो. मी कायले चोरून राहू? मी कोनाचं काय केलं?" म्हणून तिचं नाव आहे. बाकीच्या दहा जणी कोण, हे मला आजही माहीत नाही. सिस्टर गेल्यानंतरच्या वर्षात गावात तीन बाया तापाने गेल्या. तिघींच्याही मयतीला मी गेलो होतो. त्यातली कोणी वहीत होती का, हे मला कधीच कळणार नाही. त्या गावात मी आणखी थोडा काळ नोकरी केली. कुठल्या घराजवळ चिंचेचं झाड आहे, ते मी कधी मान वर करून बघितलं नाही.

कोलकात्याच्या तेरेसांना संत जाहीर केलं, तो सोहळा आम्ही दोघांनी नेरच्या घरी टी.व्ही.वर पाहिला. कांता मशीन थांबवून बघत होती. म्हणाली, "पाह्य दादा, चौथी बी पक्की झाली." मग जरा वेळाने म्हणाली, "तू सिस्टरले भेटून ये. माफी माग."

"तू बी चाल."

"मी कायले? माही माफी थोडीच हाये."

पत्ता शोधायला वेळ लागला आणि धीर गोळा करायला त्याहून जास्त. नागपुरात म्हाताऱ्या सिस्टरांसाठी एक घर आहे, तिथे त्या होत्या. मी बसमध्ये वाक्यं जुळवत गेलो. आयुष्यभर लोकांचे अर्ज लिहिले, पण हा एक अर्ज काही जुळेना. शेवटी ठरवलं, सरळ बोलायचं. मी वही चोरली. मी चूक वाचलं. तुम्ही माझी बहीण वाचवली आणि मी तुम्हाला घालवलं.

एक तरुण सिस्टर मला लांब ओसरीवर घेऊन गेली. जाता जाता म्हणाली, "त्यांना आता फारसं आठवत नाही. माणसं ओळखतात, नाही ओळखत. मनावर घेऊ नका."

सिस्टर तेरेसा खुर्चीत बसल्या होत्या. खूप लहान झाल्या होत्या. मी वाकून म्हणालो, "सिस्टर, मी मास्तर. झरीकडचा."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग चेहरा हळूहळू ताठ झाला. त्यांनी ओळखलं होतं, याबद्दल मला शंका नाही.

"वही नाही माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "जाळला."

"वही नको सिस्टर. मी दुसऱ्या कामासाठी..."

"नावं पण नाही."

"नावं नको. माझं ऐका. मी..."

"दहा वेळा विचारा मास्टरजी. नाही सांगणार." त्यांचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट होते. मला एकदम दिसलं की त्या घाबरल्या आहेत. मला. "ते बाया गरीब आहे. त्यांना त्रास नाही द्यायचं."

मी तोंड उघडलं की त्या मान हलवत. मी हात जोडले, तर त्या म्हणाल्या, "असं करून पण नाही." तरुण सिस्टर मधे आली आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "सिस्टर, पाहुणे तुम्हाला भेटायला आलेत फक्त."

"चहा दे त्याला," सिस्टर तेरेसा तिला म्हणाल्या. "मग गेटपर्यंत सोड. आणि माझा खोलीत त्याला एकटा सोडू नको. तो खण उघडते."

तरुण सिस्टरने माझ्याकडे बघितलं. मी चहा घेतला. तिने गेटपर्यंत सोडलं. वळून बघितलं तेव्हा सिस्टर तेरेसा ओसरीवरून मान लांब करून बघत होत्या, मी खरंच बाहेर पडतो आहे का.

पुढच्या उन्हाळ्यात त्या वारल्याचं पोस्टकार्ड आलं. कांताने ते वाचलं आणि मला विचारलं, "बोलला व्हता ना तू? सांगतलं व्हतं ना त्याईले?" मी हो म्हणालो. हे खोटंही आज इथे दुरुस्त करतो.

सिस्टर, मी नावं विचारायला आलो नव्हतो.